टीव्हीचं फडताळ

जुन्नर, मंचर, घोडेगावातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या. बांधतानाच त्यांच्यात जागा सोडलेल्या असत. दिव्यासाठी देवळी, हाताशी लागणाऱ्या वस्तूंसाठी कोनाडा आणि चोपड्या, बरण्या, ठेवणीतली भांडी यांच्यासाठी लाकडी दारांचं फडताळ. फडताळाला वेगळी पाठ नसे, भिंत हीच पाठ. सुताराने चौकट, तीन-चार फळ्या आणि दोन झडपा बसवल्या की काम संपलं. शोरूममध्ये आज ज्याला ‘बिल्ट-इन’ म्हणून जास्तीचे पैसे लावतात, ते आपल्याकडे असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं.

आता भिंती सहा किंवा नऊ इंचांवर आल्या. आत शिरायला जागा उरली नाही, म्हणून फडताळ बाहेर हॉलमध्ये आलं आणि त्याचं ‘टीव्ही युनिट’ झालं. पण बदल एवढ्यावर थांबला नाही. बरण्या तापत नाहीत, त्यांना वायरी नसतात, त्या घुमत नाहीत आणि सात-आठ वर्षांनी आकार बदलून नव्या येत नाहीत. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, ॲम्प्लिफायर ही मंडळी हे सगळं करतात. त्यामुळे असं कपाट जमलं की फसलं, हे त्यात किती लाकूड लावलं यावर कमी आणि कुठे किती जागा मोकळी सोडली यावर जास्त ठरतं. मिस्त्री आणि घरमालक यांची बोलणी मात्र बहुतेक सनमायकाच्या रंगावरच खर्ची पडतात.

आकाशातून येणाऱ्या लहरींशी जुन्नर तालुक्याचं नातं घरोघरी टीव्ही पोचण्याच्या आधीचं आहे. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. जवळजवळ तीस मीटर व्यासाची त्याची तबकडी परदेशांशी दळणवळण सांभाळायची. पुढे त्या केंद्राला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. मुंबई दूरदर्शन त्यानंतरचं, २ ऑक्टोबर १९७२ चं. म्हणजे आर्वीच्या शिवारात उपग्रहाशी बोलणारी तबकडी उभी होती, तेव्हा आसपासच्या गावांना दिसण्यासारखा टीव्हीच नव्हता.

पुढे टीव्ही आला तो स्वतःचं घर पाठीवर घेऊन. कृष्णधवल संचांपैकी कितीतरी लाकडी खोक्यात असत. चार पायांवर उभे, समोर दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या पट्ट्यांच्या झडपा आणि झडपांना कुलूप. धुळीपासून पडदा वाचावा हे सांगायचं कारण. परीक्षेच्या दिवसांत कुलपाची किल्ली वडिलांच्या खिशात असायची, हे खरं कारण. सुतारकाम सगळं कारखान्यातच झालेलं असे, गावच्या सुताराला त्यात काही करायचं नसे. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ लागलं, आणि त्याच सुमारास संचांची खोकी प्लॅस्टिकची होऊ लागली. टीव्हीचं लाकडी घर गेलं आणि ते बांधून द्यायची जबाबदारी गावच्या सुतारावर येऊन पडली. शोकेस, वॉल युनिट, टीव्ही युनिट ही सगळी त्यानंतरची वंशावळ.

काचेच्या नळीचा २१ इंची टीव्ही मागे दीड फूट आणि वर पोट काढून बसायचा, म्हणून युनिटची खोली बावीस-चोवीस इंच धरत. आताचा पडदा जाडीला तीन इंचसुद्धा नसतो, तरी अनेक ठिकाणी युनिट अजून दोन फूट खोलच होतं. हाताची सवय सहजासहजी जात नाही. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात मान वर करून पाहावं: छताला कमानदार फासळ्या आहेत, पण त्या दगडाच्याच, डोंगरातून कोरून काढलेल्या. डोंगर काही फासळ्यांवर उभा नाही. लाकडी छत बांधणाऱ्यांच्या पद्धती दगडात उतरल्या, एवढंच. कार्ल्याला तर खऱ्या लाकडाच्या कमानी दगडी छताखाली आजही आहेत. आपल्या मिस्त्रीने दोन फूट खोली धरली म्हणून त्याला हसू नये. पण कपाटात काय ठेवणार ते आधी मोजावं. नुसता सेट-टॉप बॉक्स आणि राउटर असेल तर चौदा इंच पुष्कळ. होम थिएटरचा ॲम्प्लिफायर असेल तर त्याची स्वतःची खोली, मागे प्लग आणि वायरींच्या वळणाला तीन-चार इंच, असं धरून अठरा ते वीस.

रुंदी-उंचीचा हिशेब सोपा आहे. टीव्हीचे इंच हे पडद्याच्या कर्णाचे असतात. हल्लीच्या पडद्यांचं प्रमाण १६ ला ९, म्हणून ४३ इंची पडदा साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच. ५५ इंची साधारण अठ्ठेचाळीस बाय सत्तावीस. कडेची पट्टी थोडी वेगळी. घरात ४३ चा टीव्ही असेल तरी त्याच्या मापाचा खण करून त्याला चौकटीत कोंबू नये. ५५ बसेल एवढी भिंत मोकळी ठेवावी, कारण लाकूड वीस वर्षं टिकतं आणि टीव्ही टिकत नाही. त्याच कारणाने टीव्ही जिथे टांगायचा तिथे पातळ पाठफळी न लावता १८ मिलिमीटरचा प्लायच आडवा घ्यावा. नव्या टीव्हीच्या पाठीवरची चार भोकं वेगळ्या मापावर असली तरी स्क्रू कुठेही पकडतो.

उंचीचं गणित मात्र शहरातल्या पुस्तकांवरून उचलू नये. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चाळीस-बेचाळीस इंचांवर असतात आणि पुस्तकं पडद्याचा मध्य तिथे धरतात. पण इकडच्या घरांत सोफ्यावर पाहुणे बसतात. घरची मंडळी रात्री शेतावरून आली की सतरंजीवर किंवा भिंतीला टेकून खाली बसतात, आणि तिथे डोळ्यांची उंची जेमतेम तीस इंच. दोन्हींचा मेळ घातला तर पडद्याचा मध्य छत्तीस इंचांच्या आसपास येतो. लहान मुलांच्या भीतीने पाच फुटांवर टांगलेला टीव्ही दिसतो छान, पण पाहणाऱ्याची मान धरते.

आणि या भागात आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी लागते: ढाली किती आहेत? जुन्नर, आंबेगाव, खेड हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जिंकलेल्या ढाली, चषक आणि गुलालात न्हालेल्या जोडीचा फ्रेम केलेला फोटो यांना टीव्हीच्या शेजारीच जागा लागते. दुसऱ्या खोलीत ठेवायचा विषय नाही. २०१४ च्या शर्यतबंदीनंतर कित्येक घरांतल्या ढालींची संख्या तिथल्या तिथे थांबली होती. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, २०२३ मध्ये ती कायम झाली आणि फळ्या परत भरू लागल्या. तेव्हा ढालींचा खण सुरुवातीलाच निम्मा रिकामा सोडावा. तो रुंदही असतो, म्हणून फळी झोल खाण्याची भीती. फळीची लांबी दुप्पट केली तर त्याच वजनाला झोल आठपट होतो. तीन फुटांच्या पुढे मधे आधार द्यावा, किंवा फळीच्या पुढच्या कडेला खालून दीड इंच उंचीची सागाची पट्टी उभी मारावी. पट्टी दिसायलाही बरी आणि फळीला कणा मिळतो.

आता उष्णता. ॲम्प्लिफायर जेवढी वीज ओढतो, तिच्यातला फार थोडा भाग आवाज होऊन बाहेर येतो. बाकीची सगळी शेवटी खोकं तापवते. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर तर रात्रंदिवस चालू. आतल्या सर्किटमध्ये कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात, त्यांतल्या कित्येकांत ओलसर रसायन भरलेलं असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. एप्रिलच्या दुपारी हॉलमध्येच अडतीस-चाळीस अंश असताना बंद कपाटात काय होत असेल याचा विचार करावा. दोन वर्षांत बॉक्स गेला की आपण कंपनीला नावं ठेवतो. पुष्कळदा दोष कपाटाचा असतो.

यावरचा उपाय इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण तो कांद्याच्या बराखीत रोज पाहतो. तळ जमिनीपासून उचललेला, खालून हवा शिरते, कांद्याच्या उबेने हलकी होऊन वर चढते आणि वरून निघून जाते. पंखा नाही, वीज नाही. टीव्हीच्या कपाटालाही तेवढंच हवं. पायथ्याच्या फळीत पूर्ण लांबीची दोन इंचांची फट, आतल्या प्रत्येक फळीच्या मागे भिंतीकडे दोन इंच मोकळे आणि माथ्यावर मागच्या बाजूला तशीच फट. खाली शिरायला जेवढी जागा, वर निघायला निदान तेवढी हवीच. ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर चार-सहा इंच सोडावेत, आणि त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स अजिबात ठेवू नये. एवढं करूनही भागत नसेल तर संगणकात असतो तसा बारा व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा वरच्या फटीशी लावावा, तोही मंद फिरणारा, म्हणजे आवाज येत नाही. सगळ्या फटींना आतून बारीक तारेची जाळी मारायला मात्र विसरू नये. उबदार अंधारी जागा पालींना आवडते, आणि शेतावरच्या घरात वायर कुरतडायला उंदीर येतातच.

दारं कशी करावीत यावर माझं मत एकतर्फी आहे: तिरक्या किंवा उभ्या पट्ट्यांची, मधे बोटभर फटी सोडलेली. हवा खेळते, रिमोटचा किरण फटीतून जातो आणि आतला पसारा लांबून दिसत नाही. काचेच्या दारातून रिमोट चालतो, पण हवा जात नाही. भरीव दारातून दोन्ही नाही. आरसा किंवा धातूचा पत्रा लावलेल्या दारामागे राउटर ठेवला की वायफाय शेजारच्या खोलीत पोचत नाही आणि मग त्याचंही खापर कंपनीवर फुटतं.

वायरींसाठी प्लॅस्टर करण्याआधीच भिंतीत पाइप टाकून ठेवावा. इथे हमखास एक इंची पाइप टाकतात, आणि एचडीएमआयचा प्लग त्यातून जाता जात नाही. एक गेला तरी दुसऱ्याला वाट नाही. पाइप दोन इंची हवा, त्याला काटकोनी वळण नको, आणि आत एक नायलॉनची दोरी ओढून ठेवलेली हवी. दहा वर्षांनी कुठली वायर येईल ते कुणी सांगावं. दोरी असली की ती ओढता येते. विजेची वायर याच पाइपातून नेऊ नये. आणि सॉकेट मोजताना टीव्ही, बॉक्स, राउटर, साउंडबार, वूफर असे पाच सरळ दिसतात. त्यांवर तीन जास्तीचे ठेवावेत, नाहीतर कपाटाच्या पाठीमागे लोंबता बोर्ड येतोच.

सॉकेटपर्यंत हात पोचला पाहिजे, हे त्याहून महत्त्वाचं. वैशाखात वळवाचा पाऊस येतो तो विजा घेऊन. छपरावरच्या डिश अँटेनाची वायर थेट सेट-टॉप बॉक्सपर्यंत आलेली असते. जवळ कुठे वीज पडली तर तो झटका त्या वायरीतूनही येतो. गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढावा, डिशची वायरही सोडवावी, हे सगळे सांगतात. पण प्लग चार फूट रुंद कपाटाच्या मागे असेल तर कोण काढणार? म्हणून पाठफळीत सॉकेटच्या समोर एक खिडकी कापून तिला चुंबकावर बसणारी झाकणी करावी.

हल्ली युनिटच्या कडांना एलईडीच्या पट्ट्या लावायची हौस आहे. पडद्यामागे मंद उजेड असला की रात्री डोळ्यांना बरं वाटतं, हे खरंच. पण त्या पट्ट्यांना वीज पुरवणारा स्वस्तातला ड्रायव्हर रेडिओ लहरींचा कचरा बाहेर टाकतो. जवळ ट्रान्झिस्टर धरला तर खरखर ऐकू येते. खोडदच्या आसपास घर असेल तर हा विषय घरापुरता राहत नाही. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी आणि सोळा तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. आकाशगंगांकडून येणारा अत्यंत क्षीण आवाज त्या टिपतात, आणि माणसाने केलेला रेडिओ गोंगाट इथे कमी होता म्हणूनच ही जागा निवडली गेली. छपरावरच्या जुन्या अँटेनांना लावलेले बूस्टर बिघडले की स्वतःच लहरी फेकू लागत. एलईडीचा भिकार ड्रायव्हर त्यांच्याच बिरादरीतला. चार पैसे जास्त देऊन चांगल्या कंपनीचा घ्यावा.

लाकूड कुठलं? साग म्हणताच डोळे चमकतात आणि बांधावरचा साग आठवतो. तो सहज तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने सागाच्या तोडीला परवानगी लागते, आणि तोडल्यावर वाहतुकीचा परवानाही. शिवाय ओलं लाकूड लगेच वापरता येत नाही; सावलीत थप्पी लावून वाळवायचं तर दर इंच जाडीला वर्षभर असा जुना हिशेब आहे. कोवळ्या झाडात पांढऱ्या लाकडाचा भाग जास्त निघतो. वाळवी गाभ्याच्या लाकडाला सहसा तोंड लावत नाही, कारण त्यात तिला नकोशी द्रव्यं असतात. पांढरा भाग मात्र खुशाल खाते. बाजारात ‘सीपी टीक’ म्हणून मान आहे तो बल्लारपूर, आलापल्लीकडच्या सागाला.

साग मिळाला तरी अख्खं युनिट सागाच्या फळ्यांचं करू नये, आणि याचं कारण पाऊस आहे. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पूर्व-पश्चिम पसरलेले. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकर, घाटघरकडे चार महिने हवा ओलीचिंब. पूर्वेला आणे पठारावर किंवा लोणी-धामणीच्या अंगाला पावसाळ्यातही ऊन. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. उन्हाळ्यात त्यातलं पाणी आठ टक्क्यांवर येतं, घाटाजवळच्या श्रावणात सोळाच्या पुढे जातं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा ओल एक टक्का वाढली की रेषांच्या आडव्या दिशेने सुमारे दोन दशांश मिलिमीटर दर शंभराला फुगतं. म्हणजे एक फूट रुंदीची फळी आठ टक्क्यांत जवळपास पाच मिलिमीटर रुंद होते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. अशी फळी चारी बाजूंनी गोंद लावून चौकटीत जखडली, तर श्रावणात ती चौकट फोडते किंवा शिमग्यापर्यंत स्वतः तडकते. जुन्या दारांत सुतार चौकटीला खाच काढून मधली फळी तिच्यात सुटी सोडत, गोंद न लावता, दोन्ही बाजूंना थोडी ढील ठेवून. ती ढील म्हणजे हिशेबाने सोडलेली जागा होती.

प्लायवूडने हा प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला. पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवल्यामुळे एकाचं फुगणं दुसरा रोखून धरतो. सांगाडा म्हणून १८ मिलिमीटरचा प्लाय, पाठीला ६ किंवा ९ चा आणि नजरेत येणाऱ्या कडा, पट्ट्या, दारं सागाची, हा मेळ या हवेत चांगला जमतो. साधा, थोडीफार ओल सोसणारा एमआर प्लाय पूर्वेकडच्या कोरड्या घरात चालेल. घाटाजवळ किंवा ओल येणाऱ्या भिंतीला निदान उकळत्या पाण्यात टिकणारा बीडब्ल्यूआर घ्यावा. आयएस ७१० च्या मरीन प्लायचा गोंद तर ७२ तास उकळूनही सुटू नये अशी अट असते. शिक्का खोटाही मारता येतो, म्हणून कापलेली कड बघावी. मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर स्क्रू धरणार नाही. पार्टिकल बोर्ड स्वस्त, सपाट आणि गुळगुळीत. पण फरशी पुसताना पाणी लागलं की खालून फुगतो आणि परत बसत नाही. आपल्याकडे फरशी पुसत नाहीत, धुतात. म्हणून पायथा लाकडाचा न करता चार इंच उंचीच्या स्टीलच्या पायांवर किंवा ग्रॅनाइटच्या पट्टीवर घ्यावा.

सनमायका लावायचा तर प्लायच्या दोन्ही अंगांना. बाहेरून एक मिलिमीटरचा महागडा आणि आतून काहीच नाही, असं केलं की एक बाजू ओल पिते, दुसरी पीत नाही, आणि दार धनुष्यासारखं वाकतं. आतून साधा पांढरा लावला तरी तोल राहतो. भिंतीकडच्या पाठीलाही निदान प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि पाठ भिंतीला न चिकटवता इंचभर पुढे ठेवावी, म्हणजे ओल कपाटात उतरत नाही.

कपाट भिंतीत बसवणं, म्हणजे ‘फिटिंग’, इथे मिस्त्रीची परीक्षा होते. सांगाडा जमिनीवर आडवा करून दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तर खोकं गुण्यात आहे. मग उभं करून ओळंबा सोडायचा. खोकं ओळंब्यात असतं, भिंत नसते. जुन्या भिंतीला पोट आलेलं, नव्या भिंतीवर गवंड्याच्या थापीने केलेले चढउतार. दोन्हींच्या मधे खाली पाव इंच, वर पाऊण इंच अशी पाचर उरते. सिलिकॉन भरून वेळ मारून नेणारे पुष्कळ. जाणता मिस्त्री तिथे तीन इंच रुंदीची सागाची पट्टी उभी धरतो, तीही ओळंब्यात. सगळ्यात रुंद फट जिथे असेल तिचं माप घेऊन तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा निवडतो. तो तुकडा भिंतीला टेकवून वरून खाली सरकवत आणतो. तुकड्याच्या दुसऱ्या अंगाला टेकलेली पेन्सिल पट्टीवर रेघ ओढत येते. भिंतीचा प्रत्येक फुगवटा, प्रत्येक खड्डा त्या रेघेत उतरतो. रेघेवर कापायचं, रंधा मारताना मागची कड थोडी आत तासायची, म्हणजे भिंतीला टेकते ती फक्त पुढची बारीक धार. पट्टी बसवल्यावर तिच्यामागे व्हिजिटिंग कार्डसुद्धा शिरत नाही. असं काम केलेलं कपाट भिंतीतूनच उगवल्यासारखं दिसतं.

दगड-मातीच्या भिंतीला काही टांगू नये. स्क्रूचा प्लग मातीत ढिला होतो. तिथे कपाटाचं सगळं वजन जमिनीवरच उभं करावं आणि टीव्हीसुद्धा कपाटाच्या उभ्या फळ्यांवरच घ्यावा.

आवाजाबद्दल थोडक्यात. स्पीकर कपाटात कोंडू नये. मागे भोक असलेला तर नाहीच. साउंडबार फळीच्या पुढच्या कडेला, कपाळ बाहेर काढून. वूफर कपाटाबाहेर जमिनीवर, नाहीतर गाण्याआधी बिजागऱ्या वाजतात. शहाबादी किंवा टाइल्सची फरशी, कोरी भिंत आणि रिकामा हॉल असेल तर महागड्या स्पीकरपेक्षा एक जाड सतरंजी आवाजाला जास्त सुधारते.

आता पॉलिश. इथे घाई केली तर आधीचं सगळं वाया जातं. पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनेच ओढायचा: ८० नंबर, मग १२०, मग १८०, शेवटी २२०. आडवा ओढलेला एक ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही, रंग चढला की ठळक होतो. शेवटच्या घासणीआधी ओल्या फडक्याने लाकूड पुसावं. तंतू उभे राहतात, वाळले की हलक्या हाताने घासून टाकावेत. सागाची छिद्रं उघडी असतात आणि अंगात तेलकटपणा असतो. थिनरच्या फडक्याने पुसलं नाही तर वरचा थर नीट धरत नाही. छिद्रांत चॉकपावडर आणि गेरूचं मिश्रण रेषांच्या आडवं चोळून भरायचं.

चपडी लाखेचं जुनं पॉलिश, म्हणजे फ्रेंच पॉलिश, एक लिटर स्पिरिटला सुमारे १४० ग्रॅम लाख या मापाने होतं. रात्रभर भिजत ठेवायचं, कापडातून गाळायचं. मऊ सुती कापडात कापूस बांधून गोळा करायचा, त्याला पॉलिश पाजायचं आणि गोल, मग आठाच्या आकड्यासारखे हात फिरवत जायचं. हात थांबला की तिथे डाग. एक हात नखाएवढाही जाड नसतो. असे दहा-पंधरा हात चढल्यावर सागातून तांबूस उजेड यायला लागतो. दुरुस्ती सोपी, वास दोन दिवसांत जातो, रेषांची खोली दुसऱ्या कशानेही अशी येत नाही. दोष दोन: गरम चहाच्या कपाखाली पांढरं वर्तुळ उठतं, आणि पावसाळी हवेत लावलं तर स्पिरिट उडताना हवेतली ओल थरात अडकून सगळं पृष्ठ दुधाळ होतं. म्हणून जून ते सप्टेंबर इकडे लाखेचं काम धरू नये. दिवाळी ते शिमगा हा खरा हंगाम.

मेलामाईन कणखर आणि झटपट, पण उग्र वासाचा, आणि काही वर्षांत पिवळट होतो. पीयू (पॉलियुरेथेन) सगळ्यांत टिकाऊ, सगळ्यांत महाग. त्यातला हार्डनर फुप्फुसांना घातक असल्यामुळे फवारणाऱ्याच्या तोंडावर नुसता रुमाल नको, चांगला मास्क हवा. तो मालकाने विकत आणून द्यावा, कारण मिस्त्री आणत नाही. कुठलंही पॉलिश असो, टीव्हीच्या भोवतालचा भाग चकचकीत करू नये. चकाकी आली की पडद्याशेजारी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नाचतं. आणि आतल्या फळ्यांनाही निदान सीलरचे दोन हात द्यावेत.

कपाट वापरात आल्यावर पहिला पावसाळा बघावा. श्रावणात एखादं दार वर घासतं, दुसरं अर्धा सूत खाली उतरतं. मिस्त्रीला बोलावून रंधा मारायला लावू नये. मारलेला रंधा परत भरता येत नाही, आणि मार्गशीर्षात त्याच जागी भगदाड दिसतं. हल्लीच्या ऑटो बिजागरीला तीन ठिकाणी स्क्रू असतात: एकाने दार डावी-उजवीकडे सरकतं, दुसऱ्याने आत-बाहेर, तिसऱ्याने वर-खाली. पेचकस घेऊन एकेक पाव फेरा फिरवावा, दार लावून बघावं, परत फिरवावा.